अर्ध्या पिंपांतली भेंडी

शुक्रवार पेठ, सोलापूर
बुधवार, दुपार

सौ. रंभाबाई विहीणबाईंना शकुंतलेचा नमस्कार. हिंदुराव व्याह्यांनाही माझा नमस्कार सांगा. तुमचा गुडघा कसा आहे? मी पाठवलेलं तेल चोळता, की बाटली देवघरात ठेवून तिलाच हळदकुंकू वाहता? इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. हे पत्र तुम्हाला युवराज वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे, म्हणून पहिलीच्या पोरांना गिरवायला देतात तसं अक्षर काढते आहे. (युवराज, कंसातलं मोठ्यानं वाचायचं नाही, कंस तुझ्यासाठी आहेत. आईचा चहा झाला नसेल तर आधी चहा होऊ दे.) तुम्ही फोन उचलत नाही, याबद्दल माझी काही तक्रार नाही. गेल्या आश्विनात त्या फोनमधून जे तुमच्या कानावर पडलं, त्यानंतर मीही उचलला नसता.

पत्राचं कारण म्हणजे आमची शेती. हसू नका. इंद्रायणीचे दिवस झाले तेव्हा तुम्ही आमच्या परसात उभ्या राहून म्हणालात, "ह्या पिंपांनीच माझी लेक खाल्ली. आता हितं पाय ठेवायचा न्हाय मला."  तुमची गाडी सुटली आणि माझ्या आशिषनं शेजारच्या तिप्पण्णांकडून करवत आणून पाण्याची सगळी पिंपं मधोमध आडवी कापली. डेंगीच्या डासांची अळी त्यांतल्याच पाण्यात झाली होती की आणखी कुठं, हे कोणाला सांगता येणार? पण त्याला काहीतरी कापायचं होतं. नळाला रोज पाणी येत नाही, मग साठवायचं कशात, हे त्या वेळी त्याला विचारायची माझी छाती झाली नाही. तेव्हापासून आम्ही घागरी, पातेली, कुकर आणि (पाहुणे नसतील तर) पूजेचा तांब्यासुद्धा भरून ठेवतो आणि प्रत्येकाच्या तोंडाला फडकं बांधतो. आमचं स्वयंपाकघर म्हणजे दातदुखीचा दवाखाना झालाय, सगळे गाल बांधून ओळीनं बसलेले.

पिंपांची अर्धुकं परसात तशीच पडली होती. मे महिन्यात आभाळ भरून आलं. वळीव पडला आणि त्यांत पाणी साचलं तर? म्हणून मीच आपल्या नातवंडांना म्हटलं, चला, यांत माती भरू आणि भाजी लावू. बागेची हौस वगैरे काही नव्हती, भीतीपोटी केलेला उद्योग तो. जन्मभर मी फळ्यावर बियांना रंगीत खडूनं कोंब काढले, पण माझ्या हातून एक पान उगवलं नव्हतं. कुठल्याशा बांधकामावरची माती रिक्षातून आणली, ती पहिल्या पाण्याला चिखल झाली आणि दुसऱ्या दिवशी वीट. श्रावणीनं उलथन्यानं ती खणली. (उलथनं गेलं.) मग तिनं वर्गात बसवतात तशी रोपांची जागा ठरवली. भेंडी भिंतीकडे, वांगी मधे, कोथिंबीर पुढच्या बाकावर, कारण ती बुटकी. नऊ वर्षांची पोर, पण बोलणं असं की मलाच शाळेत जायची भीती वाटावी.

सोमेशनं मात्र आपलं अर्धुक कोणाला दाखवलं नाही. आठवड्याभरात त्याला मुंग्यांची अशी रांग लागली की घरात लग्न आहे असं वाटावं. उकरून बघते तो आत शेंगाचटणी! लसणासकट. डब्यातली मूठभर चटणी या पोरानं पेरली होती, शेंगांचं झाड यावं म्हणून. श्रावणीनं त्याला समोर बसवून समजावलं, "भाजलेलं उगवत नसतं, सोम्या. बी कच्चं लागतं." ते त्यानं इतकं मनावर घेतलं की जेवताना प्रत्येक पदार्थ भाजलेला आहे का कच्चा, हे विचारून घ्यायला लागला.

भेंडी मात्र आली. खरंच आली हो. पिवळं फूल धरलं तेव्हा दोघं पोरं त्याच्यासमोर पाट मांडून बसली. मोबाइलवर एक बाई सांगते, अंड्याची टरफलं घाला, जोम धरेल. आता ऐन श्रावणात मी अंडी कुठून आणू? शेवटी कोपऱ्यावरच्या भुर्जीच्या गाडीवर पिशवी घेऊन उभी राहिले, आणि नेमकी आमची भजनी मंडळातली बायकामंडळी समोरून आली. मी म्हटलं, झाडाला हवीत. त्या म्हणाल्या, हो का. अजून कोणी माझ्या हातचा प्रसाद घेत नाही.

त्याच सुमारास तिप्पण्णांच्या आई गेल्या. ते लिंगायत, त्यांच्यात मातीत ठेवतात, हे तुम्हाला माहीत आहे. सोमेशनं गच्चीवरून सगळं बघितलं. म्हातारीला बसवून, फुलांत सजवून नेलं ते.  दोन दिवसांनी भेंडीजवळ बसलेला असताना मला म्हणाला, "आजी, त्यांच्या आजीला मातीत ठेवलं. आपल्या आईला का भाजलं?"  श्रावणीनं त्याच्या पाठीत धपाटा घातला, आणि मग दोघंही रडली. मी भेंडीला पाणी घालत राहिले. तिला आधीच पाणी झालं होतं. (युवराज, हा परिच्छेद वाचायचा की नाही, ते आईच्या तोंडाकडे बघून ठरव.)

आता मुख्य घोटाळा. काठावरून ओघळणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून सोमेशनं अर्धुकांच्या खाली जुन्या ताटल्या सरकवल्या होत्या. माझ्या लक्षातच आलं नाही. गेल्या पंधरवड्यात आशिष कारखान्यातून आला, हातपाय धुवायला परसात गेला आणि खाली वाकला. ताटलीत पाणी होतं, आणि पाण्यात वळवळ.  तो एकेक अर्धुक लाथेनं पालथं करत गेला, भेंडी, वांगी, कोथिंबीर, सगळं. त्याचा चेहरा मी आई असून मला बघवेना. सोमेश माझ्या पदरात शिरला. श्रावणी मात्र दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, ताटल्या फेकायच्या होत्या. झाडांनी काय केलं होतं?"

तो तिथंच चिखलात बसला.  मग उठून चूल पेटवली, सळई लाल केली आणि प्रत्येक अर्धुकाच्या बुडाला भोकं पाडत सुटला. जळक्या प्लॅस्टिकच्या वासानं सगळी गल्ली खोकत होती. सोमेशनं त्याला मोडकी रोपं उचलून दिली. श्रावणी गेली नाही. ती अजूनही त्याच्याशी बोलत नाही. "बाबांना सांग जेवायला बसा," असं माझ्यातर्फे सांगते, आणि तो दोन हातांवर बसलेला असतो.

जगली ती भेंडीची दोन रोपं आणि एक वांगं. शनिवारी भेंडी काढली. इतकी जून झाली होती की विळीनं हात टेकले. भाजी केली, ती चावताना सगळ्यांचे चेहरे दोरी चघळल्यासारखे. आशिषनं पातेलं पुसून खाल्ली. श्रावणी बघत होती.

तर विहीणबाई, तुमच्याकडचं भेंडीचं घरचं बी आणि थोडं शेणखत मिळालं तर बरं होईल. आमच्या मातीत जीव नाही. थोरांना नमस्कार, गाईगुरांना थोपटा, आणि माझ्यावर राग असेल तर तोही तसाच असू द्या, अगदी काही नसण्यापेक्षा बरा.

तुमची,
शकुंतला

ता. क. वर पत्ता घराचा घातलाय तो सवयीनं. मी दवाखान्याच्या बाकावर बसून लिहिते आहे. सोमेशला रविवारपासून ताप आहे. इंद्रायणीला आला होता तो ताप नाही. आत्ता रिपोर्ट आला, डॉक्टरांना आधी मी विचारलं, मग आशिषनं, मग पुन्हा मी. टायफॉइड आहे आणि उतरायला लागलाय. (युवराज, हे आधी वाचून दाखवायला हवं होतं. पण आधी लिहायला घेतलं तेव्हा रिपोर्ट आला नव्हता, आणि हाताला काहीतरी काम हवं होतं.)

पुन्हा ता. क. बी नको, खतही नको. तुम्ही या. आशिष पोराच्या उशाशी बसलाय तो उठत नाही. पोराच्या दंडावर डास बसेल म्हणून हातानं वारा घालतोय, आणि डास तर इथं एकही नाही. मी त्याला घास भरवायला गेले तर म्हणाला, "आई, परत येणं होईल का गं?" मला वाटलं इंद्रायणीबद्दल बोलतोय. तुमच्याबद्दल बोलत होता.

पत्र घेऊन तिप्पण्णा स्वतः येताहेत, त्यांच्याबरोबरच निघा. दवाखान्यात येऊ नका, इथं माणसं पुरे आहेत. घरी जा. किल्ली त्यांच्या बायकोकडे, राजाबाईंकडे आहे आणि श्रावणीही तिथंच आहे. तीन दिवस ती रडलेली नाही. तिला जवळ घेऊन बसा, म्हणजे रडेल.