माद्या कुणाकडं जातात

१४ एप्रिल
राजा आज पुन्हा हरला! सकाळपासून उघड्या मुरमावर गळ्याचा निळा पंखा फुलवून नाचत होता. या पठारावर त्याच्याइतका निळा सरडा दुसरा नाही. मादी आली, बघून न बघितल्यासारखं केलं, आणि सरळ दगडांच्या राशीत मळक्याकडं गेली. मळक्या — ज्याचा गळा धुळीच्या रंगाचा!
सरांना कळवलं. उत्तर — 'नीट बघ.'
नीटच बघतेय! उन्हात बसून दुसरं काय करतेय मी?

१६ एप्रिल
हंबीरराव सर माझे गाईड. गळा जितका निळा, तितक्या माद्या जास्त — हे त्यांनी तरुणपणी दाखवलं, त्यावरच नाव झालं. माझी पीएचडीही त्यावरच उभी. आज केबिनमध्ये बोलूनच टाकलं, "सर, माद्या रंग बघतच नाहीत. दगड बघतात. खाली सावली असते, किडे असतात, लपायला जागा असते."
"क्रांती, तुझ्या निरीक्षणात घोळ आहे."
"आणि नसला तर?"
"जाताना दार ओढून घे."
घरी येऊन आईवर उगाच खेकसले.

२० एप्रिल
ठरवलं! मळक्याचे दगड उचलून राजाच्या जागेत नेऊन टाकले. जोतिबाच्या मागच्या या पठारावर झुंबरबाई म्हशी चारतात. त्या उभ्या राहून बघत होत्या.
"कंपौंड घालतीस व्हय गं?"
म्हटलं, सरड्यांसाठी दगड हलवतेय.
"सरड्यास्नी कंपौंड!" — म्हशींनाच सांगत गेल्या.

२१ एप्रिल
पाठ मेली.

२७ एप्रिल
माद्या राजाकडं गेल्या! तिथंच नाचले मी. आणि मग लक्षात आलं — राजा तर सगळ्यांत निळा. सर म्हणणार, बघ, निळाच जिंकला! दगड नेमके त्यालाच दिले. गाढव! गाढव!

२८ एप्रिल
सगळे दगड पुन्हा उचलले. आता फाटक्याच्या जागेत. सगळ्यांत फिका, वर गळ्याला चीर. हाताला फोड आलेत.

५ मे
माद्या फाटक्याकडं. सगळ्या! राजा एकटाच मुरमावर नाचतोय.
सरांनी आकडे शांतपणे वाचले. "राजाचा भाग ठेव. फाटक्याचा काढ."
"काढायचा म्हणजे?"
"म्हणजे लिहायचा नाही. सही माझी लागते, विसरू नकोस."
एवढा मोठा माणूस! यांचंच व्याख्यान ऐकून मी कागलच्या एमआयडीसीतली लॅबची नोकरी सोडली होती. घरच्यांशी भांडून!

७ मे
गाईड बदलून मागायचा अर्ज ऑफिसात दिला. क्लार्क आवाज बारीक करून म्हणाला, "मॅडम, हंबीरराव सरांना सोडून? दुसरं कोण घेणार तुम्हाला?"
कुणी घेणार नाही. माहीत आहे. तरी दिला.

९ मे
सकाळी आई म्हणाली, तुझे सर आलेत. दारात उभे — डोक्याला टोपी, हातात पहार. शर्टाच्या खिशात माझा अर्ज, दुमडलेला.
"गगनबावड्याच्या अलीकडं माझी जुनी सरडे बघायची जागा हाय. तिथलं दगड हलवून बघू, चल. चुकलो असलो तर माझं मीच छापीन की."
म्हटलं, "पहार द्या इकडं."