हृदयाशेजारची ग्रंथी

३ फेब्रुवारी, अमरावती

थायरॉईडसाठी डॉक्टर गळा चाचपतात तेव्हा बोटांना नाडीही लागते. ही ग्रंथी मोठ्या रक्तवाहिन्यांना इतकी खेटून का? माशाच्या पारदर्शक गर्भात उत्तर दिसतं. ग्रंथी उगवते हृदयाशेजारी. हृदयाच्या ऊतींकडून तिला रासायनिक निरोप येतो — इथेच तयार हो! पुढे ती रक्तवाहिनीच्या आधाराने लांबते, दोडक्याचा वेल मांडवावर चढावा तशी. किती देखणं!

मग माझ्या विद्यार्थिनीच्या, रागिणीच्या, प्रयोगात काहीच का दिसत नाही? औषधाने हृदयाची वाढ रोखली, तरी ओळखण्यासाठी हिरवी चमकवलेली ग्रंथी प्रत्येक गर्भात सरळ, मधोमध!

५ फेब्रुवारी

तिचे वडील गोवर्धनभाऊ यांचा अकोल्याहून फोन. जठारपेठेत भाजीचं दुकान आहे त्यांचं. "मॅडम, काही निंगत नसन तं पुढच्या गुरुवारी पोरीले घेऊन जातो. दुकानात माणूस नाही." गर्भ हाताळायला रागिणीचा इतका हलका हात — आणि ती जाणार?

६ फेब्रुवारी

सापडलं! मेलेले गर्भ ती काढते, ते योग्यच. पण हृदय सुजलेले जिवंत गर्भही बाहेर!

"हे का काढलेस गं?"

"नासकं वांगं ठेवलं तं सारी टोपली जाते ना, मॅडम!"

म्हणजे औषध ज्यांना लागलं, नेमके तेच गेले! मला हसू आवरेना, ती रडकुंडीला आलेली. उद्या नवी खेप. जिवंत एकही काढायचा नाही.

१२ फेब्रुवारी

गोवर्धनभाऊ पिशवीभर सांभार, म्हणजे कोथिंबीर, घेऊन हजर. "चाल वं, बॅग भर."

म्हटलं, "भाऊ, आधी थोडी मदत करा. आम्हाला हवं तेच आम्हाला दिसेल, अशी भीती आहे." त्यांना सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं, प्रत्येक गर्भात हिरवी ग्रंथी कशी दिसते ते सांगा म्हटलं; गर्भांची औषधाची वाटी कोणती, साधी कोणती, ते सांगितलं नाही.

"अरे बापा! याचं काळीज धडधडून राहिलं ना!" मग एकेक सांगत गेले — मधात (म्हणजे मधोमध). मधात. वाकडी. तुटकी. वाकडी...

वाट्यांवरची नावं उघडली. वाकड्या-तुटक्या जवळजवळ साऱ्या औषधाच्याच! रागिणी वडिलांना बिलगली. त्यांना काही कळेना. "आता काय केलं मी?"

१३ फेब्रुवारी

कुणालाही घरी जमेल अशी परीक्षा: दोन वाट्या, नावं झाकलेली, आणि आपल्या उत्तराची आस नसलेला माणूस. गोवर्धनभाऊंना तर उलटंच उत्तर सोयीचं होतं; काही निघालं नसतं, तर रागिणी दुकानात आली असती. सकाळच्या अकोला गाडीत ते एकटेच बसले.