लेकीच्या ओटीतून उरलेला खण

सलोनीच्या आईस,
ऑस्ट्रेलियातून नमस्कार.

तू लेकीसाठी बांधून दिलेल्या ओटीची खरी किंमत सांगतो: नारळ गेला, गहू गेले, अन् विमानतळावर माझा अर्धा दिवस गेला. इथे बाहेरचं बी-बियाणं आत येऊ देत नाहीत. विमानात भरायच्या कार्डावर आधीच खरं लिहिलं होतं, म्हणून दंड वाचला. "मॅडम, आईनं लेकीले दिलं," असं तपासणीवाल्या बाईले मोडक्या इंग्रजीत समजावलं. ती गोड हसली, पण ठेवून घेतलंच. खण तेवढा परत दिला. सलोनीनं तो दारातच तोंडाला लावला.

व्हिसा तीन महिन्यांचा आहे. घाटंजीच्या बाजारात सांगून टाक, पूर्ण राहूनच येतो.

जेवण चांगलं आहे. दिवसभर पोरगी-जावई कामावर असतात. घर इतकं शांत, की फ्रिज बंद झालेलाही ऐकू येते.

कापूस वेचायला बाया भेटल्या का? गुडघा कसा आहे? फोनवर तू "बरी आहे" म्हणतेस, पण मले तुझा आवाज समजते.

फोनवर सलोनी बाजूलाच असते, म्हणून लिहून राह्यलो. तिले अजून सांगितलं नाही, पण परतीचं तिकीट मी याच महिनाअखेरचं करून घेतलं.

सलोनीचे बाबा