नवलभाऊंचं अपुरं गाणं

१२ मे

धुळ्यात उतरले आणि ऊन जणू मलाच न्यायला आल्यासारखं अंगावर आलं. खरं न्यायला आले होते भूषण आणि भाविका, दोघांच्या टी-शर्टवर नवलभाऊंचा फोटो. भूषणचं इथे मोबाइल दुरुस्तीचं दुकान, भाविका धरणगावच्या शाळेत शिक्षिका. मी पडले बडबडी. देवपूरला नवलभाऊंच्या घरी पोहोचेपर्यंत दोघांच्या घरची सोयरीक, भांडणं, सगळं माझ्या तोंडपाठ झालं होतं.

नाशिकला माझं काम म्हणजे जाहिरातींतले आवाज साफ करणं. नवलभाऊंचं संगीत नसतं तर ते केव्हाच सोडलं असतं. कापसाच्या जिनचा खडखडाट, विहिरीवरची मोटर, त्यावर सिंथेसायझर. शब्द एकही नाही, तरी आपल्या घरचं कुणी बोलतंय असं वाटायचं. ते गेल्याचं कळलं तेव्हा गॅसवरचं दूध उतू गेलं आणि मी तिथेच उभी राहून रडत होते. आता त्यांचं शेवटचं गाणं पुरं करायला चाहत्यांनी मला बोलावलंय. आनंद झालाय, आणि आनंद झाल्याची लाजही वाटतेय.

त्यांच्या पत्नी दिपमालावहिनींनी शेवभाजी आणि कळण्याची भाकरी वाढली. नाकाडोळ्यांतून पाणी येईस्तोवर जेवले. मग वरच्या, नवलभाऊंच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत जाऊन माझ्या चिमीला फोन लावला. सासूबाई म्हणाल्या, आईचा आवाज ऐकल्याशिवाय पोरगी दुपारची झोपत नाही. चार वर्षांची बया, पण हुकूम सोडते. स्पीकरवर अंगाई म्हटली तेव्हा कुठे झोपली.

१३ मे

दुपारभर खालच्या खोलीत चाहते येऊन बसतात. दारात चपलांचा ढीग, आत सगळे कानाला हेडफोन लावून गप्प. कुणाचे डोळे वाहतात, कुणाची फक्त मान हलते. असा दुखवटा मी कधी पाहिला नव्हता.

दहाव्याची हकिगत भाविकाने सांगितली. पांझरेच्या काठी पिंड ठेवले, पण कावळा शिवेना. भावाने शब्द दिला, वहिनींना अंतर देणार नाही. मामांनी दिला, घर मोडू देणार नाही. कावळे नुसते झाडावर बसून. ऊन चढलं, भटजी कुशाचा कावळा करायला निघाले. तेवढ्यात मागे उभा असलेला भूषण हात जोडून म्हणाला, “भाऊ, तुमनं अपुरं गानं आम्ही पुरं करसूत.” कावळा तत्काळ उतरला. सांगताना तिला भरून आलं, ऐकताना मलाही.

गाणं ऐकलं. या वेळी यंत्र एकही नाही, नुसते माणसांचे गुणगुणण्याचे सूर, एकात एक विणलेले. मध्येच काही जागा कोऱ्या आहेत. शेवटी नवलभाऊ श्वास आत घेतात आणि गाणं थांबतं. ते असेच गेले, हेडफोन लावून, खुर्चीत.

१४ मे

कोऱ्या जागा भरायला चाहत्यांचेच आवाज घ्यावेत ही कल्पना माझी. भूषणने एक सूर धरला, मी तो जागेवर ठेवला आणि तो असा बसला की काही घासायची गरज पडली नाही. मग भाविकाचा. तोही तसाच. आम्ही तिघांनी टाळ्या वाजवल्या. तिथूनच चिमीशी बोलताना मीसुद्धा तीच चाल गुणगुणत होते, आणि तिकडून ती खिदळत होती.

१५ मे

भूषणचा आवाज गेलाय. गेलाय असंही नाही. बोलायला तोंड उघडतो आणि काल दिलेला तोच सूर बाहेर येतो. त्याचा भाऊ सांगत होता, डॉक्टर म्हणाले उन्हाने घसा धरलाय. भूषण आला, माझ्यासमोर बसला, काहीतरी सांगायला धडपडला. तोच सूर. त्याचे डोळे मला बघवेनात.

१६ मे

भाविकाला आज बघायला पाहुणे आले होते. मुलाच्या आईने नाव विचारलं. हिने तोंड उघडलं आणि सूर निघाला. थांबेना. पाहुणे चहा तसाच टाकून उठले. तिच्या वडिलांनी फोन करून मला विचारलं, बाई, तुम्ही माझ्या पोरीकडून काय म्हणवून घेतलं?

गाणं पुन्हा ऐकलं. भूषणच्या जागी आता सूर नाही. तिथे तो बोलतोय. “माय व, पानी दे,” असं पुन्हापुन्हा. पलीकडे भाविका स्वतःचं नाव सांगतेय.

घाबरून भूषणचा आवाज कापून टाकला. लगेच त्याच्या भावाचा फोन. सूरही बंद पडला, ओठ हलतात, आवाजच नाही. कापलेलं होतं तिथे परत ठेवलं. सूर परत आला, असं भावाने सांगितलं. तो रडत होता.

वहिनींना सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “कावळानी पिंड शिवा, म्हंजे बोल कबूल व्हयना. आते मांगे फिरता येत नही.” मग म्हणाल्या, कावळ्याने शब्द मान्य केला, पण गाण्याला काय कमी पडतंय ते विचारल्याशिवाय पोराने शब्द द्यायला नको होता. त्यांनी स्वतः नवलभाऊंना कधी आवाज दिला नाही, मागितला तरी.

१७ मे

एकच जागा उरलीय. शेवटच्या श्वासाच्या आधीची. उंच, बारीक. माइकविना सूर लावून पाहिला. मोठ्या माणसाचा गळा तिथे पोहोचत नाही.

लहान मुलाचा पोहोचेल.

बॅग भरली. जाते.

१७ मे, बसस्टँड

सासूबाईंचा फोन. चिमी सकाळपासून एकच चाल गुणगुणतेय म्हणे. किती गोड, म्हणाल्या.

मी तिला गाणं पाठवलं नव्हतं. पण चौदा तारखेला तिच्याशी बोलताना फोन स्पीकरवर होता, रेकॉर्डिंगच्याच खोलीत. माइक चालू होता. मीच बंद केला नव्हता.

परत जातेय.

१७ मे, वरची खोली

आहे. संगणकाच्या पडद्यावर, अगदी खालच्या ट्रॅकवर चिमीचं खिदळणं. मी ठेवलेलं नाही. कोऱ्या जागेपासून थोडं दूर आहे. पाणी प्यायले, पुन्हा पाहिलं. जवळ आलंय.

कापता येत नाही. कापलं तर भूषणसारखं—

सरकतंय. मी बघत असताना सरकत नाही. पापणी मिटली की—

जागा आधी भरली तर? तिला शिरायला जागाच उरली नाही तर?

माझा गळा जाड. पण अंगाई म्हणताना मी आवाज बारीक काढते. तिला तसाच आवडतो.

चिमे, आईला तुझ्याशी बोलायला फार आवडतं. हे आजीकडून वाचून घे.

माइक चालू केला.

१७ मे

भरली. बसला सूर. चिमीचं खिदळणं पडद्यावरून गेलं, कुठेच नाही. नवलभाऊंनी श्वास सोडला, मी ऐकला—

फोन. चिमीच आहे. बोलतेय, नीट शब्दांत, आंबा खाल्ला म्हणतेय, आजी रागावली म्हणतेय. देवा, बोलतेय ती.

मी तोंड उघडलं आणि—

ती विचारतेय, आई, तू बोलत का नाहीस. बोलतेय ग राणी. हेडफोनमध्ये ऐकू येतंय मला, त्या गाण्यात मी केव्हाची तुझं नाव घेऊन हाका मारतेय, मोठ्याने, चिमे, चि—