हिरव्या पुठ्ठ्याच्या पुस्तकाचा शेवट

अम्मा,

हे पत्र तुला वाचता येणार नाही. तू असतीस तरी आलं नसतं, कारण तुला मराठी वाचता यायचं नाही, तेलुगूही नाही, आणि मला तेलुगू बोलता येतं पण लिहिता येत नाही. म्हणजे तू असतीस तर हे मलाच तुझ्यासमोर बसून वाचून दाखवावं लागलं असतं, आणि तू मांडीवर सूप घेऊन, मान खाली घालून, विड्या वळत ऐकलं असतंस. तुला जाऊन एकवीस वर्षं झाली. त्याआधी दहा-बारा वर्षं तरी मी तुला वाचून दाखवत होते, त्यामुळे हे काम मला नवं नाही.

मी आता आपल्या त्या जुन्या वाचनालयातच काउंटरवर बसते. दुपारी तीननंतर बायका यायला लागतात. एक म्हणते, "मॅडम, काहीतरी प्रेमाचं द्या, पण रडकं नको." दुसरी म्हणते, "ऐतिहासिक द्या, पण लढाया कमी असलेलं." लढाया कमी असलेली ऐतिहासिक कादंबरी शोधायला मला अर्धा तास लागतो, पण मी शोधते. फोनवर आमचा एक ग्रुपही आहे, त्यावर दर रविवारी मी दोन कादंबऱ्या सुचवते. एक प्रेमाची, एक इतिहासातली. सगळ्याजणी एकच विचारतात, शेवट गोड आहे का? ते मी सांगत नाही. या बाबतीत माझा हट्ट सगळ्यांना माहीत आहे. एकीने तर तोंडावर सुनावलं की तुम्हाला स्वतःलाच आठवत नसेल. मी म्हटलं, असेल तसं. खरं कारण त्या हिरव्या पुठ्ठ्याच्या पुस्तकात आहे.

शाळा सुटली की मी दप्तर टाकायचे आणि तुझ्यासमोर उंबऱ्याशी बसायचे. तू ओली पानं पत्र्याच्या साच्यावर ठेवून कातरायचीस, तंबाखू भरायचीस, बोटाने टोक आत दाबायचीस, आणि शेजारची मावशी तिचं सूप घेऊन आपल्याच ओट्यावर येऊन बसायची, कारण तिच्याकडे वाचणारी मुलगी नव्हती. पुस्तकाच्या पानापानांत तंबाखूची भुकटी जायची. वाचनालयातले कारकून पुस्तक परत घेताना आधी टेबलावर दोनदा आपटायचे आणि माझ्याकडे बघून शिंकायचे. पुस्तक किती पानांचं आहे याच्याशी तुला काही देणंघेणं नव्हतं. वाचून होईपर्यंत किती विड्या झाल्या, त्यावर तू पुस्तक मोजायचीस. प्रेमाची कादंबरी हजाराची, ऐतिहासिक तीन हजाराची. "ह्ये किती हजाराचं हाय गं?" एवढं विचारूनच तू मला सुरू करायला सांगायचीस.

आणि सुचवावं तर तुझ्यासारखं. नवरा भिवंडीला मागावर गेला म्हणून जिला घर खायला उठायचं, तिला तू तीन हजाराचं द्यायला लावायचीस. नव्या नवरीला हजाराचं. आधी विचारायचीस, "तुला रडायचं हाय का हसायचं हाय, ते सांग की." अक्षर न येणारी बाई अख्ख्या गल्लीने काय वाचायचं ते ठरवत होती, आणि कुणाला त्यात काही विचित्र वाटत नव्हतं. वाचनालयाचं कार्ड माझ्या नावावर होतं, पण कारकून मला म्हणायचे, "आईला विचारून ये, यातलं कुठलं हवंय."

तुझा कान पक्का होता. एकदा मला खेळायला जायचं होतं म्हणून मी किल्ल्याच्या वर्णनाची दोन पानं गाळली. तू मान वर न करता म्हणालीस, "आत्ता तर घोड्यावर हुते, लगेच वाड्यात कुटनं आले?" आणि ती दोन पानं तर वाचायला लावलीसच, वर आदल्या दिवसाचं प्रकरणही पुन्हा वाचायला लावलंस. ऐतिहासिक कादंबरीत तसंही काही करता यायचं नाही. किल्ला पडणार, सरदार मरणार, हे सगळ्या ओट्याला ठाऊक असायचं, आणि मावशी तर चार प्रकरणं आधीच डोळे पुसायला लागायची. प्रेमाच्या कादंबरीचं तसं नसतं. तिचा शेवट फक्त वाचणाऱ्याला माहीत असतो.

अत्तम्मा तेव्हा आपल्याकडेच राहायची. तुझा धाकटा भाऊ वारल्यावर तू त्याच्या बायकोला घेऊन आलीस, तेव्हा ती पंचविशीची असेल. समोरच्या मागाच्या कारखान्यात ती सुताच्या कांड्या भरायला जायची, त्यामुळे आपल्या वाचनात ती कधी नसायची. पण सातवीपर्यंत शिकलेली होती, स्वतः वाचायची. मराठी बायका नणंदेला वन्सं म्हणतात, तशी ती तुला वदिना म्हणायची. सकाळी माझी वेणी तीच घालायची, तुझे हात तंबाखूचे असायचे म्हणून. कारखान्यात दर सोमवारी अकलूजचा एक चादरींचा दुकानदार माल न्यायला यायचा. आपल्यातलाच होता, बायको वारलेली. त्याने एका बाईकरवी अत्तम्माला दोनदा विचारलं होतं, आणि दोनदा तिने नाही म्हटलं होतं. हे तुला माहीत नव्हतं. मला होतं, ते कसं ते शेवटी सांगते.

हिरव्या पुठ्ठ्याचं पुस्तक हजाराचं होतं. एक विधवा बाई नवऱ्यामागे त्याचं बांगड्यांचं दुकान चालवते. गावात नवे मास्तर येतात, भाचीसाठी बांगड्या घ्यायच्या निमित्ताने दुकानात येत राहतात, आणि भाचीचे हात काही इतके नसणार हे सगळ्या गावाला कळतं. शेवटी ती दुकानाची किल्ली दिराच्या हातात देते आणि मास्तरांबरोबर टांग्यात बसते. पुस्तकात असं आहे. मी वाचलं ते असं नव्हतं. मी पानावर नजर ठेवून, आवाज जराही न हलवता वाचलं की मास्तर एकटेच टांग्यात बसून गेले, तिने दुकानाला कुलूप लावलं, किल्ली सासूच्या हातात दिली आणि ती चुलीपाशी गेली. मी अकरा वर्षांची होते. मावशी म्हणाली, "बाई गं, असं कसं झालं?" तू म्हणालीस, "धीराची हाय बाई. एकटीनं उभी ऱ्हायली." मग विड्यांचा कट्टा बांधत म्हणालीस, "ह्ये पुस्तक वदिना-वदिना करती त्या पोरीला दे. तिनंबी येखादं दुकान टाकावं. किती दिस कांड्या भरनार?" मी म्हटलं, उद्या परत करायचंय. तू म्हणालीस, परवा कर.

अत्तम्माने ते दोन दिवसांत वाचलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी येऊन तिने तुझ्या पायाला हात लावला. तुला वाटलं, दुकानाचं पटलं. तू तिच्या पाठीवरून हात फिरवून म्हणालीस, "घाबरू नको. जमंल तुला. लोक काय बी बोलू देत, मी हाय की पाठीशी." ती रडली. मी तिथेच उभी होते, दोघींच्या मधे, आणि दोघी कशाबद्दल बोलताहेत ते त्या घरात फक्त मला कळत होतं. एक वाक्य बोलले असते तरी पुरलं असतं. मी पाणी प्यायला आत गेले.

त्या सोमवारी तिने अकलूजवाल्याला होकार कळवला, आणि दुसऱ्या दिवशी मोठे मामा दारात येऊन ओरडायला लागले. आमच्या घरची सून, तिला कुणी फूस लावली, हेच पुन्हा पुन्हा. अत्तम्मा शांतपणे म्हणाली, "वदिना, तुम्हीच पुस्तक दिलंत की. तोंडानं बोलवेना म्हणून दिलंत, एवढं मला कळतंय." तेव्हा तुझे हात थांबले. विड्या वळताना तुझे हात थांबलेले मी त्याआधी पाहिले नव्हते. तू मामांकडे बघितलं नाहीस, अत्तम्माकडेही नाही. माझ्याकडे बघितलंस. मी साच्याच्या पत्र्याकडे बघत राहिले. मग तू भावाला म्हणालीस, "व्हय, अन्ना. मीच दिलं. ऐकून, समजून दिलं. आता काय म्हननं हाय तुझं?"

लग्न देवळात झालं, दहा-बारा माणसांत. तू तिला नवी चादर दिलीस आणि एसटीपर्यंत पोचवायला गेलीस. मोठे मामा त्यानंतर नऊ वर्षं आपल्या दारात आले नाहीत. राखीला तू दोनदा त्यांच्याकडे जाऊन बघितलंस, दोन्ही वेळा मामीने दारातूनच वाटेला लावलं. विड्या द्यायला गेलीस की विडी कारखान्यात बायका म्हणायच्या, पुस्तकं ऐकून घरं मोडायला लागली. घरी येऊन तू ते सगळं सांगायचीस, आणि मग म्हणायचीस, "वाच."

तीन महिन्यांनी एका दुपारी तू म्हणालीस, ते हिरवं पुस्तक परत आण. मी आणलं. तू म्हणालीस, सगळं नको, शेवट तेवढा वाच. मावशी त्या दिवशी आली नव्हती. मी शेवट वाचला, माझाच. मास्तर टांग्यातून गेले, तिने दुकानाला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली, चुलीपाशी गेली. तू चार-पाच विड्या वळल्यास. मग म्हणालीस, "मागच्या बारीला किल्ली सासूच्या हातात दिली हुती." मी पान उलटलं. तू म्हणालीस, "पुढं?" मी म्हटलं, "संपलं." तू म्हणालीस, "संपलं व्हय. बरं." आणि पानं भिजवायला उठलीस. मारलं नाहीस, रागावली नाहीस, मागचं प्रकरण पुन्हा वाचायला लावलं नाहीस. त्यानंतर कुणालाही पुस्तक सुचवताना तू सांगायला लागलीस, "शेवट मला ठाव न्हाई. तुझा तू वाच." ते हिरवं पुस्तकही तू पुढे किती जणींना द्यायला लावलंस, त्यात दोघी-तिघी नवरा नसलेल्या होत्या. ग्रुपवरच्या बायका ज्याला माझा हट्ट म्हणतात, तो तुझा आहे.

मागच्या महिन्यात अकलूजला गेले होते. मोडनिंबला गाडी थांबली तेव्हा परत फिरावं असं वाटलं, पण फिरले नाही. अत्तम्मा आता पासष्टीच्या पुढे आहे, गुडघे दुखतात, पण दुकानात अजून तीच बसते. म्हणजे तिने शेवटी दुकानही चालवलं, तुला हवं होतं तसं. चहा देताना ती नातीला म्हणाली, "हिची आई लई मोठ्या मनाची. भावाशी वाकडं घेतलं माझ्यासाठी. बोलता येईना म्हणून पुस्तक दिलं." मग मला म्हणाली, "ते पुस्तक मिळंल का गं कुठं?" मी म्हटलं, बघते. ते माझ्या कपाटातच आहे. वाचनालयाने जुनी पुस्तकं काढून टाकली तेव्हा मी ते घरी आणलं. अजून आपटलं तर त्यातून थोडी तंबाखू पडते.

मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आले की मला लाज वाटली. मास्तर तिचा हात धरतात, ते आईसमोर मोठ्याने कसं वाचायचं, म्हणून बदललं. अकरा वर्षांच्या मुलीबद्दल हे कुणालाही पटेल. पण मी ते पुस्तक आदल्या दिवशीच शेवटपर्यंत वाचलं होतं, आणि त्याच्या आदल्या आठवड्यात नळावर अत्तम्माला अकलूजवाल्याचा निरोप आणणाऱ्या बाईशी बोलताना ऐकलं होतं. ती म्हणाली होती, "वदिना हो म्हनल्याबिगर मी काय करनार न्हाई. आनि त्यांना मी इचारनार बी न्हाई." मला तू चांगली ठाऊक होतीस. बांगडीवाली टांग्यात बसलेली तू ऐकली असतीस, तर "चांगलं झालं" म्हणाली असतीस, आणि मग घरातल्या अत्तम्माकडे तुझं लक्ष गेलं असतं. म्हणून मी टांगा रिकामा पाठवला. मला अत्तम्मा जायला नको होती. माझी वेणी कोण घालणार, एवढाच माझा विचार होता, आणि त्यापायी तुझा मोठा भाऊ तुला नऊ वर्षं तुटला.

तू दवाखान्यात होतीस तेव्हा एका दुपारी म्हणालीस, "कायतरी वाच." हिरवं पुस्तक तेव्हा वाचनालयात होतं, पायी दहा मिनिटांवर. मी तुला लढायांचं वाचून दाखवलं. आज तू समोर असतीस तर हे पत्र मी वाचायला घेतलं असतं, सगळं नीट, काही न गाळता, आणि नळावरच्या त्या बोलण्यापर्यंत आले असते की पान उलटून म्हटलं असतं, संपलं.