हार गळ्यातच राहिला

रविवार, दिवेलागणीला

आज कनेरगाव नाक्यावर माझा सत्कार झाला. कोइमतूरला दिवसभराच्या कार शर्यतीत आमची गाडी हौशी गटात पहिली आली म्हणून. आमची म्हणजे माझी आणि सेनगावच्या संतोषदादाची. एकच गाडी, दोघांनी आलटून पालटून चालवायची. माझ्या पायात गोळे आले तेव्हा माझी पाळीही त्यानंच काढली.

सरपंचकाका माइकवर म्हणाले, "आपल्या पोरानं एकट्यानं मैदान मारलं." दादा तेव्हा मागं खुर्च्या लावून राहिला होता. आपला हार काढून दुसऱ्याच्या गळ्यात घालतातच की सगळे. माझा हात हाराशी गेलाही. तेवढ्यात फोटोवाला म्हणाला, हसा. मी हसलो. काहून हसलो?

भजी मात्र झकास होती. हे काय लिहून राहिलो मी.

परत दादाच्याच जीपमध्ये आलो, हार मांडीवर घेऊन. म्हणालो, "दादा, मी तुझं नाव घ्यायला पायजे होतं."

"व्हय, आता माइक न्हाई तर घेऊन राहिला," तो हसला. "आण ती फुलं, चुरगाळतील." त्यानं हार आरशाला अडकवला. "गाडीच जिंकली म्हणू."

मला घरी सोडून तो सेनगावला गेला. हार त्याच्याकडंच गेला, पण मी दिलेला न्हाई.