गुरुवारची पाहुणी

ता. ५ जुलै, शुक्रवार

प्रिय छकुले,

तू बरी असशील. आम्हीही ठीक. सहा वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही.

आमच्या टीव्हीला गेल्या वर्षी मीटर बसवलाय. कोण किती वेळ काय बघतं, ते मोजतात. बघायला बसलं की आपापलं बटण दाबायचं: एक नंबर ह्यांचा, दोन माझा. पाहुणा असेल तर त्याचं वय आणि बाई की पुरुष तेही भरायचं, नाहीतर दिवा लुकलुकत राहतो. हे बाहेर सांगायचं नसतं, पण तुला काय सांगायचं?

मंगळवारी मीटरवाला तपासणीला आला. हे आंघोळीला गेले होते. तो सहज म्हणाला, "गुरुवारच्या पाहुण्या बाई अगदी नेमाने येतात हो." गुरुवारी दुपारी मी शाळेच्या वाचनालयात असते.

संध्याकाळी ह्यांना विचारलं. "कोण येणार? मी आणि माझी डुलकी," म्हणाले. यंत्राला खरं सांगितलं आणि बायकोला थाप मारली. मग मी काय केलं ते लिहायला लाज वाटते. उशांचे अभ्रे हुंगले. शेजारणीला खोदून खोदून विचारलं. आपल्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर म्हणायच्या, संशय आला की आधी आरशात बघ. बघितलं. चष्मा लावलेली एक म्हातारी गुप्तहेर उभी होती.

शेवटी मीटरवाल्याला फोन करून पाहुणीचं वय विचारलं. सहा जूनला सत्तावन्न, तेरा जूनला अठ्ठावन्न. बारा जूनला वाढदिवस झाला म्हणून यंत्राकडेही वय सुधारून घेणारी बाई मला एकच माहीत आहे.

सुटल्यासारखं वाटलं. मग जास्तच लागलं. मी आईला वृद्धाश्रमात ठेवलं म्हणून तू बोललीस, आणि मी "पुन्हा पाय ठेवू नकोस" म्हणून दार लावलं. ते माझंच चुकलं. पण तू आलीस ती मी नसताना. म्हणजे घर हवं होतं, भावजी हवे होते, फक्त मी नको होते? की ह्यांनीच सांगितलं, तिला कळू देऊ नकोस? टीव्हीसमोर बसून तुम्ही दोघं माझ्याबद्दल काय बोलता?

मीटरवाला विचारतो, इतक्या नेमाने येतात तर त्यांना तीन नंबरचं बटण देऊ का. ते घरच्यांनाच देतात. मी अजून उत्तर दिलेलं नाही. ह्यांनाही काही कळू दिलेलं नाही.

येत्या गुरुवारी येऊ नकोस. रविवारी ये. मी घरी असते.

अजून तरी तुझीच,
ताई